ईसीजी नॉर्मल, मग पक्षाघात कशामुळे?

पक्षाघात झालेल्या माणसाचा एमआरआय होतो, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर होतो, टूडी इको होते, ईसीजी निघतो. मेंदूच्या कुठल्या भागाला रक्त पोहोचलं नाही ते दिसतं. पण ते अडवणारी गुठळी आली कुठून? गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघातांपैकी साधारण चारात एकाचं कारण या तपासण्यांनंतरही कळत नाही.

अशा वेळी डॉक्टरांचा पहिला संशय एट्रियल फिब्रिलेशनवर, म्हणजे त्यांच्या बोलण्यातल्या ‘एएफ’वर जातो. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं, एरवी एका लयीत आकुंचन पावतात. एएफमध्ये विजेचे संदेश तिथे सैरभैर फिरतात आणि अलिंदं नुसतीच थरथरत राहतात. डाव्या अलिंदाला बोटाएवढी एक पिशवी असते. नीट आकुंचन होत नसलं की तिच्यातलं रक्त साचून राहतं, आणि साचलेलं रक्त गोठतं. (झडपा धड असलेल्या रुग्णांत एएफमधल्या दहापैकी नऊ गुठळ्या याच पिशवीत सापडतात.) तिथून निसटलेली गुठळी डाव्या निलयातून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, महाधमनीत आणि मानेतून थेट मेंदूत जाऊ शकते. एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो.

‘पण ईसीजी तर नॉर्मल आला होता!’ घरचे म्हणतात, आणि ते खरंच असतं. फक्त तो ईसीजी दहा सेकंदांचा असतो. एएफ अनेकांत येतो नि जातो. कधी काही मिनिटं, कधी काही तास, आणि पुष्कळदा धडधडसुद्धा जाणवत नाही. दिवा महिनाभर लुकलुकतो आणि वायरमन दारात उभा राहिला की लख्ख पेटतो, तसा हा प्रकार. चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी टिपत राहणारं यंत्र, लावलं तरी तो नेमका त्या दिवशी येईल कशावरून?

मग जास्त दिवस पाळत ठेवली तर? 2014 मध्ये क्रिस्टल-एएफ या चाचणीत पक्षाघाताचं कारण न सापडलेल्या 441 रुग्णांपैकी निम्म्यांच्या छातीवर त्वचेखाली लूप रेकॉर्डर, म्हणजे हृदयाची लय सतत नोंदणारं छोटं यंत्र, बसवला; उरलेल्यांची नेहमीची तपासणी चालू राहिली. वर्षभरात रेकॉर्डरवाल्यांपैकी 12.4 टक्क्यांत एएफ सापडला, इतरांत 2 टक्क्यांत. तीन वर्षांनी हे आकडे 30 आणि 3 टक्के झाले. आजकालचा लूप रेकॉर्डर जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांब असतो आणि छोट्याशा छेदातून बसतो. त्याची किंमत मात्र छोटी नाही. मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर नाडी बघणं फुकट आहे. ठोक्यांच्या अंतराला काही धरबंधच नसेल, तर त्याच वेळी ईसीजी काढून घ्यावा. नाडी नियमित लागली म्हणून एएफ नाहीच, असं मात्र समजू नये.

एएफ सापडला की उपचार बदलतो: ॲस्पिरिनऐवजी रक्त गोठू न देणाऱ्या, बोलीभाषेत ‘रक्त पातळ करणाऱ्या’, जोरदार गोळ्या. मग शोधत बसण्यापेक्षा कारण न सापडलेल्या सगळ्यांनाच त्या का देऊ नयेत? हा विचार मोहात पाडणारा होता आणि तो तपासलाही गेला. अशा गोळ्यांपैकी 2018 मध्ये रिव्हरॉक्साबॅन, 2019 मध्ये डॅबिगाट्रान, आणि 2024 मध्ये, सगळ्यांना नव्हे तर अलिंद बिघडल्याची चिन्हं असलेल्यांना, ॲपिक्साबॅन. तिन्ही वेळा पुन्हा होणारे पक्षाघात ॲस्पिरिनपेक्षा ठळकपणे कमी झाले नाहीत, आणि रिव्हरॉक्साबॅनने रक्तस्राव वाढवला. म्हणजे ‘कारण अज्ञात’ असलेले सगळे एका माळेचे मणी नाहीत.

एएफ सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला, असंही नाही. असर्ट या अभ्यासात पेसमेकरसारखी यंत्रं बसवलेल्यांच्या नोंदी होत्या. त्यांतल्या 51 जणांना पुढे पक्षाघात झाला किंवा गुठळी शरीरात दुसरीकडे जाऊन अडकली. त्याआधीच्या महिनाभरात एएफची नोंद होती फक्त चौघांच्या यंत्रात. काही तज्ज्ञांना म्हणून वाटतं की मूळ दुखणं अलिंदाच्या भिंतीतच आहे: ती ताणलेली, जाड झालेली असते, आणि एएफ व गुठळी या दोन्ही गोष्टी तिथूनच निघतात. त्याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात धोका स्पष्ट वाढलेला दिसला तो एएफ सलग चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलेल्यांमध्ये. त्यामुळे रेकॉर्डरमध्ये दोन-चार मिनिटांचाच एएफ सापडला तर गोळी सुरू करताना डॉक्टर रुग्णाचं वय, रक्तदाब, मधुमेह आणि रक्तस्रावाची भीती, सगळंच तोलून बघतात.