ध्रुवावरचा चुना

एप्रिल लागला की नागपुरात वरच्या मजल्यावर राहणारे लोकं गच्चीला चुना मारून घेतात, नाही मारला तर रात्री अकरा वाजेपर्यंत स्लॅब तापलेलाच राहतो अन खाली कूलर कितीही फुल्ल करा, घाम काही थांबत नाही. चुना काही गार नसतो हो. तो फक्त पांढरा असतो, ऊन आलं की परत पाठवतो, बस.

उत्तर ध्रुवाभोवतीच्या आर्क्टिकचं पण हेच. तिथं मधोमध जमीन नाही, समुद्र आहे, अन त्याच्यावर तरंगणारा बर्फ म्हणजे पृथ्वीच्या गच्चीवरचा चुना. हिम पडलेला बर्फ 80 टक्क्यांच्या वर ऊन परत पाठवतो, उघडा समुद्र जेमतेम 6 टक्के. मग बर्फ हटला की खालचं काळं पाणी ऊन पिऊन घेतं, त्या गरम पाण्यानं बाजूचा बर्फ वितळतो, आणखी पाणी उघडं पडतं, अन असं ते चालूच. 1979 पासून आर्क्टिक बाकी जगाच्या जवळपास चौपट वेगानं तापून राहिलंय, त्याचं हे एक मोठं कारण.

सॅटेलाइटनं मोजणी सुरू झाली तेव्हा, म्हणजे 1980 च्या आसपास, सप्टेंबरात (तिकडे बर्फ तेव्हाच सगळ्यात कमी असतो) साधारण 70 लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. 2012 मध्ये उरला 34 लाख. मधल्या फरकात आख्खा भारत बसतो अन वरून जागा उरते! त्यानंतर तो रेकॉर्ड तुटला नाही हे खरं, पण जुने आकडेही परत आले नाहीत. शिवाय अनेक वर्षं टिकलेला जाड बर्फ कमी झालाय, आता बराचसा एकाच हिवाळ्यात जमलेला, पातळ, आमच्या चुन्यासारखा एका सीझनचा.

फॅमिली ग्रुपवर दरवर्षी मेसेज येतो की हा बर्फ वितळला की मुंबई बुडणार. नाही बुडत. लिंबू सरबतातला बर्फ विरघळला म्हणून ग्लास सांडतो का? समुद्राची पातळी वाढवतो तो ग्रीनलँड अन अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ.

पण खारं पाणी गोठतं कसं, ते मला जास्त भारी वाटतं. पॉट आइसक्रीम करताना बर्फात खडे मीठ टाकतो ना, मिठानं गोठायचा पॉइंट खाली जातो म्हणून. समुद्राचं पाणी तसंच उणे 1.8 डिग्रीला गोठतं, अन गोठताना मीठ बाहेर ढकलतं. त्यानं खालचं पाणी आणखी खारट, जड होतं, तळाला जातं, अन समुद्राच्या खोल प्रवाहांना धक्का त्यातूनच मिळतो. बर्फ कमी जमला तर हा धक्काही कमी.

दक्षिणेकडे मात्र उलटंच चाललं होतं. 2014 च्या सप्टेंबरात, म्हणजे तिकडचा हिवाळा संपताना, अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ 2 कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला, अन 'कुठं आहे तुमचं ग्लोबल वॉर्मिंग' म्हणणारे एकदम खूश. तिकडे उन्हाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीत, बर्फ दरवर्षीच सगळ्यात कमी असतो, पण फेब्रुवारी 2023 मध्ये तो 18 लाखांच्याही खाली आला, मोजणी सुरू झाल्यापासूनचा नीचांक. त्याच्या आधी, 2022 च्या शेवटी, अंटार्क्टिकाला लागून असलेल्या बेलिंग्सहाउसेन समुद्रात बर्फ वेळेआधीच फुटला. एम्परर पेंग्विन त्या बर्फावरच पिल्लं वाढवतात, अन पिल्लांना तेव्हा पाण्यात टिकणारी पिसं आलेली नव्हती. तिथल्या पाच वसाहतींपैकी चारमध्ये बहुतेक एकही पिल्लू वाचलं नाही.