चित्रातला रुग्ण तपासताना

फ्लॉरेन्सचा चित्रकार डोमेनिको गिर्लांडायो याने १४९० च्या सुमारास रंगवलेले एका वृद्धाचे आणि त्याच्या नातवाचे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. वृद्धाचे नाक गाठीगाठींनी फुगलेले आहे. त्वचारोगतज्ज्ञ त्याला ‘रायनोफायमा’ म्हणतात. या विकारात नाकावरील त्वचा जाड होते आणि तिच्यातील तैलग्रंथी बेसुमार वाढतात. याच माणसाचे, बहुधा मृत्यूनंतर काढलेले, एक रेखाचित्र स्टॉकहोममध्ये जपलेले असून त्यातही नाक तसेच आहे. त्यामुळे हे निदान बरेच भक्कम ठरते.

असा दुसरा पुरावा क्वचितच हाती लागतो. ‘मोनालिसा’च्या डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळचा पिवळसर ठिपका म्हणजे त्वचेखाली साठलेले कोलेस्टेरॉल, असे काहींनी सुचवले, तिच्या पिवळट कांतीवरून थायरॉइडची कमतरताही वर्तवली गेली. पण जुन्या चित्रांवरील वॉर्निश कालांतराने पिवळे पडतेच, आणि ते कोणत्याही रक्तचाचणीत दिसत नाही! शिवाय ही स्त्री लिसा गेरार्दिनी मानली, तर ती त्रेसष्ट वर्षे जगली, त्यामुळे ती गंभीर आजारी होती असे मानणे कठीण जाते.

डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६५४ मधील ‘बाथशिबा’ या चित्राचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. चित्रातील स्त्रीच्या डाव्या स्तनावर खळगा व सावली दिसते, आणि त्यावरून स्तनाच्या कर्करोगाचे निदान सुचवले गेले. या चित्रासाठी रेम्ब्रांटची सहचरी हेन्ड्रिक्ये स्टॉफेल्स बसली असावी, असे मानले जाते. ती १६६३ मध्ये वारली, म्हणजे चित्रानंतर नऊ वर्षांनी. उपचार नसताना असा कर्करोग इतकी वर्षे सोसणे अशक्य नसले तरी अवघड आहे, म्हणून क्षयामुळे किंवा स्तनपानाच्या काळात झालेले गळू, असे पर्यायही पुढे आले. माझ्या मते येथे वैद्याने सावलीला सावली म्हणण्याची तयारी ठेवावी. प्रकाशाचा खेळ हा रेम्ब्रांटचा हातखंडा होता.

एका चित्राऐवजी एका घराण्याची अनेक चित्रे, तीही वेगवेगळ्या चित्रकारांनी रंगवलेली, मिळाली तर मात्र चित्र पालटते. युरोपातील हॅब्सबर्ग राजघराण्याचा पुढे आलेला खालचा जबडा प्रसिद्धच आहे. दरबारी चित्रकार आश्रयदात्याचे व्यंग शक्यतो झाकणार, त्यामुळे एवढे करूनही जबडा पिढ्यान्‌पिढ्या दिसत राहतो याला वजन आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जबडा व चेहऱ्याच्या दहा शल्यविशारदांनी या घराण्यातील १५ जणांची ६६ व्यक्तिचित्रे तपासली आणि खालचा जबडा पुढे येण्याची ११ व वरचा जबडा खुरटा राहण्याची ७ लक्षणे पडताळली. दुसरीकडे वंशावळीवरून प्रत्येकाचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आई व वडील या दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाकडून एकच जनुक येण्याची शक्यता, काढण्यात आली. गुणांक जितका अधिक, तितका खालच्या जबड्याचा दोष ठळक, असा संबंध आढळला.

स्पेनचा शेवटचा हॅब्सबर्ग राजा दुसरा चार्ल्स याचे आईवडील सख्खे मामा-भाची होते. एवढ्या नात्यातून गुणांक ०.१२५ येतो, आधीच्या पिढ्यांतील नात्यातल्या विवाहांची भर पडून चार्ल्सचा गुणांक सुमारे ०.२५ झाला होता, म्हणजे सख्ख्या भावाबहिणीच्या संततीइतका.