बी.पी.एड. प्रवेश: खेळाच्या प्रमाणपत्राची अट आधी वाचा

शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं म्हणून पदवीनंतर दोन वर्षांच्या बी.पी.एड.ला (बॅचलर ऑफ फिजिकल एज्युकेशन) जाणाऱ्यांचे अर्ज दरवर्षी एकाच मुद्द्यावर अडकतात. बहुतेकजण 'कोणत्याही शाखेची पदवी, ५० टक्के' एवढंच वाचून पुढे जातात. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमावलीत त्याच वाक्याला खेळाची अट जोडलेली आहे.

पदवीला ५० टक्के असतील तर आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, जिल्हा किंवा शालेय स्पर्धेत नुसता सहभाग पुरतो. ४५ ते ५० च्या मधे असाल तर त्याच स्पर्धांत पहिल्या तिनांत यावं लागतं, किंवा राज्य, राष्ट्रीय अथवा आंतरविद्यापीठ स्पर्धेतला सहभाग दाखवावा लागतो. पदवीला शारीरिक शिक्षण हा अनिवार्य किंवा ऐच्छिक विषय असेल तरीही ४५ चालतात, पण विषय गुणपत्रिकेवर छापलेला हवा. शारीरिक शिक्षणातलीच पदवी असेल तर ४५ पुरे. आंतरराष्ट्रीय सहभाग, किंवा राष्ट्रीय वा आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिनांत क्रमांक असेल तर टक्क्यांची अटच नाही. मागासवर्गीयांना राज्याच्या नियमांप्रमाणे सवलत मिळते. ४९.८ म्हणजे ५० असं मात्र धरून चालू नका.

स्पर्धा एआययू (भारतीय विद्यापीठांचा संघ), आयओए (भारतीय ऑलिम्पिक संघटना), एसजीएफआय (शालेय खेळांचा राष्ट्रीय महासंघ) किंवा भारत सरकारची मान्यता असलेली हवी. मंडळाचा चषक, खुली मॅरेथॉन, गावच्या जत्रेतली कुस्ती यांची प्रमाणपत्रं कितीही देखणी असली तरी इथे उपयोगाची नाहीत. नावात 'नॅशनल' असलेल्या पण मान्यता नसलेल्या संघटनांना पैसे भरून मिळवलेल्या कागदांचंही तेच. शालेय स्पर्धेत तालुका पातळीवरच थांबला असाल तर त्यावर विसंबू नका. जिल्हा पातळीचा कागद शोधा.

आता प्रमाणपत्र हातात घेऊन बघा. निळ्या पेनाने आडनाव आणि एकच आद्याक्षर, क्रमांकाची जागा कोरी, जावक क्रमांक नाही, शिक्का सहीपासून दूर: अशा कागदावर पडताळणीत प्रश्न येणारच. प्रमाणपत्र हरवलं असेल किंवा सदोष असेल तर शालेय स्पर्धेसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि आंतरमहाविद्यालयीनसाठी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात अर्ज द्या. त्यात वर्ष, खेळ, वयोगट (१४, १७ की १९ वर्षांखालील) आणि संघ लिहा, नाहीतर 'रेकॉर्ड सापडत नाही' हे ठरलेलं उत्तर मिळेल. हे काम सीईटीचा (राज्याच्या प्रवेश परीक्षेचा) निकाल लागायची वाट न बघता आजच सुरू करा.

सीईटीचं म्हणाल तर ऑनलाइन परीक्षा आणि मैदानी चाचणी, दोन्ही द्यायच्या आहेत. पण सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे! निकालानंतर कॅपची (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी वेगळी करावी लागते. चांगले गुण मिळवून घरी निवांत बसलेली मुलं इथेच बाहेर पडतात.

इतर कागद नेहमीचेच: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, आधार. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल तर विद्यापीठाकडून टक्केवारीचं रूपांतर लेखी घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. आरक्षणासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता लागते.

नॉन क्रिमीलेअरच्या दाखल्यावर तो दिल्याची तारीख बघू नका, वैधता बघा. प्रवेश २०२६-२७ चा असेल तर तो ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवा. मार्चमध्ये संपलेला दाखला घेऊन जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लावणाऱ्यांची तारांबळ दरवर्षीची आहे, आणि तहसीलचा सर्व्हरही नेमका तेव्हाच बसतो.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की स्वतःची ओळ नीट तपासा: प्रवर्ग, टक्के, नावाचं स्पेलिंग. चूक सुधारायला मिळतात ते तक्रारीचे मोजकेच दिवस. अंतिम यादी लागल्यावर कुणी दाद देत नाही. पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजची एनसीटीई मान्यता बी.पी.एड.साठीच आहे ना, हेही पाहा. त्याच आवारात बी.एड.ला मान्यता असणं पुरेसं नाही.