सायगॉनचं पोस्ट आयफेलचं नव्हे

हो चि मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगॉन, पाहून आलेले लोक हमखास सांगतात, 'तिथलं मोठं पोस्ट ऑफिस आयफेलनं, म्हणजे पॅरिसच्या आयफेल टॉवरवाल्या अभियंत्यानं बांधलंय!' गाइडही तेच पढवतात. साफ चूक. आराखडा आल्फ्रेड फुलू यांचा. फ्रेंच कोचीनचायनाचे, म्हणजे दक्षिण व्हिएतनाममधल्या फ्रेंच वसाहतीचे ते मुख्य वास्तुविशारद. बांधकाम १८८६ ते १८९१. आत शिरलं की वर कमानदार छत, खाली हिरवे लोखंडी खांब. गैरसमजाचं मूळ बहुधा तिथेच. पण लोखंड काय एकटे आयफेलच वापरत होते? दर्शनी भिंतीवर व्होल्टा, अँपियर, फॅरडे या विजेच्या शास्त्रज्ञांची नावं आहेत, तीही तारखात्याला शोभणारी. हनोईच्या लाँग बियेन पुलाचं तेच: बांधला डेडे आणि पिले कंपनीनं, श्रेय मात्र आयफेलला.