शिप, शीप आणि वेलांटीची फसवणूक

इंग्रजीतलं जहाज 'शिप' आणि मेंढी 'शीप'. एकाला पहिली वेलांटी, दुसऱ्याला दुसरी, की काम झालं असं आपल्याला वाटतं. बोलताना मात्र जहाजाची मेंढी होतेच. वेलांटी स्वर किती वेळ ताणायचा ते सांगते. इंग्रजी कान मुख्यतः जीभ कुठे आहे ते ऐकतो.

करून पाहा. मेंढीतला 'ई' म्हणत राहा. जिभेचा पुढचा भाग टाळूच्या अगदी जवळ जातो, तिच्या कडा वरच्या दाढांना लागतात, ओठ फाकतात. आता आवाज न तोडता जीभ किंचित सैल सोडा, जरा खाली, जरा मागे, 'ए'च्या वाटेवर; पण 'ए'पर्यंत पोचू नका. मधेच जो आळसावलेला स्वर लागतो, तो जहाजाचा. मग खुशाल 'शिऽऽप' म्हणा, जहाज जहाजच राहतं.

तोंडाची पोकळी ज्या कंपनसंख्यांना जास्त घुमते त्यांना फॉर्मंट म्हणतात. १९५२ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजच्या पीटरसन आणि बार्नी यांनी ७६ जणांचे इंग्रजी स्वर मोजले. पुरुषांच्या आवाजात मेंढीच्या 'ई'चे पहिले दोन फॉर्मंट सरासरी २७० आणि २२९० हर्ट्झ भरले, जहाजाच्या 'इ'चे ३९० आणि १९९०. जीभ खाली आली की पहिला आकडा चढतो, मागे सरकली की दुसरा उतरतो. पेट्रोल पंपावरचं 'फुल' आणि मूर्ख या अर्थाचं 'फूल' यांचंही असंच, फक्त तिथे जीभ मागून उचलली जाते आणि ओठांचा चंबू होतो.

लांबीला काहीच अर्थ नाही असं नव्हे, पण ती बरीचशी शेजाऱ्यावर ठरते. पुढे प, ट, क आले की स्वर आखडतो; ब, ड, ग आले की ऐसपैस पसरतो, साधारण दीडपट. त्यामुळे 'बीट'मधला दीर्घ स्वर आणि 'बिड'मधला ऱ्हस्व स्वर घड्याळ लावून मोजले तर जवळपास सारखेच निघतात. आपल्याला हे नवं वाटायला नको. 'वीट' लांब, 'विटा' आखूड, वस्तू तीच.

इंग्रजी शाळांमधलं 'लाँग' आणि 'शॉर्ट' हे आणखी निराळंच प्रकरण. 'हॅट'च्या स्पेलिंगच्या शेवटी मुकं 'e' हे अक्षर जोडलं की 'हेट', 'बिट'ला जोडलं की 'बाइट', आणि या 'एइ', 'आइ'ला म्हणायचं दीर्घ! एके काळी ते खरोखरच नुसते लांबवलेले स्वर होते. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्लंडात दीर्घ स्वरांनी जागा बदलल्या. येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने त्याला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' म्हटलं. इंग्लंडातला पहिला मुद्रक कॅक्स्टन याने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तेव्हा ही उलथापालथ चालूच होती. छापील स्पेलिंग हळूहळू घट्ट होत गेलं, जिभा मात्र पुढे सरकल्या. या उलथापालथीआधीच्या इंग्रजीत 'टाइम'मध्ये दीर्घ 'ई' होता आणि 'नेम'मध्ये दीर्घ 'आ'. आपल्या 'नाम'शी या शब्दाचं नातं सख्खं आहे. तेव्हा ते नुसत्या कानालाही कळलं असतं.