गांजा: दुकानातून गोणीपर्यंत

काही वर्षांपूर्वी रात्री अकराला फोन आला, पंच म्हणून यायचंय. सरकारी नोकरी असली की हे कधी ना कधी वाट्याला येतंच. आडगावच्या पुढे हायवेला एक पिकअप बाजूला घेतलेली, वरती टोमॅटोचे रिकामे क्रेट आणि त्याखाली दोन गोण्या. (कांदा ठेवला नाही हे त्या मानाने शहाणपणाचं, नाशकात बाहेरून कांदा येतोय म्हटल्यावर शेंबड्या पोरालाही संशय आला असता.) गोण्यांत खाकी टेप गुंडाळलेली दहा पॅकेटं, विटेसारखी दाबून चपटी केलेली. एक फोडलं तर ओल्या गवताचा कुबट वास, नाकात बसला तो सकाळच्या चहापर्यंत. काट्यावर एकेक पॅकेट ठेवत गेले, एकूण भरलं २१ किलो ४०० ग्रॅम. साहेब मला म्हणाले, "सर, आकडा नीट बघून ठेवा, कोर्टात तोच विचारतील." मग कापडात शिवणं, लाखेचं सील, आमच्या सह्या. ड्रायव्हर पंचविशीचा पोरगा, रात्रभरात फक्त एकदा पाणी मागितलं त्याने.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला. गांजावर बंदी कधी आली विचारलं तर व्हॉट्सॲपवर उत्तर तयार असतं, १९८५ साली, अमेरिकेच्या दबावामुळे, त्याआधी सगळं मोकळं होतं. हे अर्धंच खरं आहे. मोकळं नव्हतं, निदान इंग्रजांच्या राज्यात तरी नाही. विकत मिळायचा, पण सरकारचा परवाना असलेल्या दुकानात. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा होता, त्यात दारूबरोबर गांजा-भांगही आले, आणि दुकान चालवायचा हक्क लिलावात जायचा. जो जास्त बोली लावेल त्याचं दुकान. म्हणजे सरकारच्या लेखी गांजा हा गुन्हा नव्हता, महसूल होता.

आता यातली मजा बघा. महसूल आला की तो चुकवणारा पण आलाच. संस्थानांच्या हद्दीत पिकलेला, कर न भरलेला माल ब्रिटिश मुलखात आणायचा आणि परवान्याच्या दुकानापेक्षा स्वस्तात विकायचा, ही त्या काळची तस्करी. ओडिशाच्या डोंगराळ संस्थानांतून बंगालात चोरून जाणाऱ्या गांजाला तर नावच पडलेलं होतं, गडजात गांजा. तेव्हा बंदीमुळे तस्करी सुरू झाली हे वाक्य मला काही पटत नाही. आपल्याकडे ती बंदीच्या आधीच, करामुळे सुरू झालेली होती. आणि आज नाशकात पकडला जाणारा बराचसा माल कुठून येतो? त्याच ओडिशाच्या डोंगरांतून. सव्वाशे-दीडशे वर्षं झाली, बैल गेले नि पिकअप आली एवढाच फरक.

१८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन नावाच्या दारूबंदीवाल्या खासदाराने प्रश्न विचारला, हिंदुस्थानात गांजाने लोक वेडे होतायत म्हणे, चौकशी करा. त्यातून आयोग नेमला गेला, अध्यक्ष मॅकवर्थ यंग. जवळजवळ १२०० साक्षी झाल्या, डॉक्टर, कलेक्टर, व्यापारी, बैरागी सगळे. मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांचं केलेलं काम. १८९२ सालात गांजा-भांगेमुळे वेड लागलं अशी नोंद झालेले २२२ रुग्ण होते, आयोगाने एकेकाची केस पुन्हा तपासली आणि निम्म्याहून जास्त नोंदी गळाल्या. झालेलं असं, की दाखल करताना कागदावर 'कारण' असा रकाना असायचा, तो भरावा तर लागणार, मग माणूस चिलीम ओढायचा एवढं कळलं की पोलीस नाहीतर कारकून लिहून मोकळा, कारण गांजा. मी स्वतः आयुष्यभर रकाने भरलेत, मला यात काही नवल वाटलं नाही.

१८९४ चा अहवाल म्हणतो की बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, अति करणाऱ्याला होतो, पण तसे लोक थोडे, म्हणून सरसकट बंदी गरजेची पण नाही आणि शहाणपणाची पण नाही. कर वाढवा, लागवड ठराविक भागात ठेवा, परवाने कमी करा. लोक हा अहवाल आज कायदेशीर करण्याच्या बाजूने नाचवतात, पण एक गोष्ट सांगत नाहीत. आयोगात तीन हिंदुस्थानी सभासद होते आणि त्यातल्या दोघांनी, राजा सोशी शिखरेश्वर रॉय आणि लाला निहाल चंद यांनी, बहुमताशी न पटल्याचं वेगळं टिपण जोडलं होतं. सरकारी तिजोरीला सोयीचा निष्कर्ष आणि घरातल्या पोराची काळजी, हे भांडण तेव्हापासूनचं आहे.

बंदी घातली तर साधू-बैरागी खवळतील ही धास्तीही त्या अहवालात होती. नाशिककराला हे समजवायची गरज नाही. २०१५ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला एका आखाड्याबाहेर मी उभा होतो, एक बाबा साफीचा ओला फडका चिलमीच्या बुडाला गुंडाळत होता, अगदी बाळाला लंगोट बांधावा तसा हळुवार, आणि तीन पावलांवर बंदोबस्ताचा पोलीस ब्रह्मगिरीकडे टक लावून बघत होता. कायदा दोघांनाही माहीत होता. आपण चांगल्यांत एखादं वाईट निघालं की 'तुळशीत भांग' म्हणतो, पण इथे तुळस कुठली नि भांग कुठली हे सांगणं अवघड.

पुढे गोष्ट बाहेर गेली. १९२५ ला जिनिव्हाच्या परिषदेत इजिप्तने आग्रह धरून हशीशचा, म्हणजे याच झाडाच्या राळेचा, विषय आणला, अफूबरोबर गांजापण आंतरराष्ट्रीय यादीत गेला. आपल्याकडे १९३० चा डेंजरस ड्रग्ज ॲक्ट, मग स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा, त्यात गांजा-भांगही आहेत, त्यामुळे भांग देशात बऱ्याच ठिकाणी चालते म्हणून महाराष्ट्रातही बिनपरवाना चालते असं समजू नका. खरी मेख १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात आहे. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे अशी व्याख्या केली, आणि शेंड्यांशिवायची नुसती पानं नि बिया वगळल्या. भांग वाचली ती या ओळीमुळे. सोबत मुदतही दिली, करार लागू झाल्यापासून २५ वर्षांत औषधाखेरीजचा वापर बंद करा. करार लागू झाला डिसेंबर १९६४ मध्ये, म्हणजे १९८९ ला मुदत संपणार. दबाव वगैरे असेल, पण १९८५ हे साल कॅलेंडर बघितलं तरी कळतं.

एनडीपीएस, म्हणजे आजचा अंमली पदार्थविरोधी कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. सुरुवातीला गांजाला जास्तीत जास्त ५ वर्षं, वजन कितीही असो. १९८९ ला जामीन कडक केला. वजनाचा हिशेब २००१ ला आला, आणि आजची प्रत्येक केस त्याच्यावर फिरते. १ किलोच्या आत थोडी मात्रा, २० किलोच्या वर कमर्शियल. थोडीला आता जास्तीत जास्त एक वर्ष, कमर्शियलला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २० वर्षं, जामीन जवळपास नाहीच. आणि हा कायदा बघतं कोण तर अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग. १८७८ पासून फाईलचं टेबल काही बदललेलं नाही.

माल येतो तो मुख्यतः आंध्र-ओडिशा सीमेवरून, मलकानगिरी, कोरापूट, अल्लुरी सीताराम राजू जिल्हा. ट्रक असतो नाहीतर नागपूर, भुसावळ, मनमाड करत येणारी रेल्वे, साधी ट्रॅव्हल बॅग सीटखाली ठेवून माणूस दुसऱ्या डब्यात जाऊन बसतो, पकडली तर बेवारस. आपल्या जवळचं म्हणजे धुळ्याचा शिरपूर तालुका, सातपुड्याच्या पायथ्याला वनजमिनीवर तूर-कापसाच्या आडोशाने झाडं. दोन्हीकडे पिकवणारा बहुतेक आदिवासी, नेणारा रोजंदारीवर, पैसेवाला तिसराच.

कायदेशीर करा म्हणणारे आपल्याकडेही आहेत. ओडिशाचे तथागत सत्पथी, पतियाळाचे डॉ. धर्मवीर गांधी हे दोघं खासदार असताना उघड बोलले. २०१९ च्या एम्सच्या सर्वेक्षणात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले ३.१ कोटी लोक निघाले. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांत गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायचं मतदान झालं, २७ विरुद्ध २५, आणि भारताने काढायच्या बाजूने मत दिलं, घरी मात्र कायदा तोच. नाशकात हा वाद घालणं आणखी अवघड झालं ते ऑक्टोबर २०२३ पासून, शिंदे गावातल्या एमडीच्या (मेफेड्रोन, कारखान्यात बनणारी रासायनिक नशा) कारखान्यावर मुंबई पोलिसांनी धाड टाकली तेव्हा. त्यानंतर इथे गांजा आणि एमडी वेगळं करून बोललं की समोरचा म्हणतो, तू कोणाच्या बाजूने आहेस. रसायन नि झाड यात फरक आहे हे आईबापांना सांगून पटत नाही, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

कॅनडाने ऑक्टोबर २०१८ ला दुकानं उघडली तरी चोरटा बाजार संपला नाही, कर भरून विकलेला माल महाग पडायचा, कॅलिफोर्नियातही तेच. थायलंडने २०२२ ला मोकळं केलं नि २०२५ ला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं. गडजात गांजावाल्याला हे कुणी सांगितलं असतं तर तो हसला असता. दुकान उघडलं की तस्कर मरतो असं नाही, दुकानातला भाव काय त्यावर ठरतं. पण म्हणून त्या पिकअपच्या पोराला दहा वर्षं आत टाकून मलकानगिरीतलं एक झाड तरी कमी होतं का, तर तेही नाही.

त्या केसचं समन्स मला चार वर्षांनी आलं. साक्षीला उभा राहिलो, वजन विचारलं, २१ किलो ४०० ग्रॅम, पाठच होतं. मग बचावाच्या वकिलांनी विचारलं, वजन पॅकेटसकट केलं का? हो म्हटलं. टेप किती थरांची होती? आठवत नाही. शेंडे, पानं, बिया, दांडे वेगळे करून वजन केलं होतं का? नाही. त्यांनी न्यायाधीशांकडे बघितलं, स्टेनोने 'नाही' टाईप केलं, आणि पिंजऱ्यातल्या त्या पोराने पहिल्यांदा मान वर केली.