पायोरिया

हिरड्यांची साधी सूज दुर्लक्षित राहून दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचे हाड झिजू लागणे, म्हणजे पायोरिया.

दातावर सतत जमणारा जंतूंचा चिकट थर (प्लाक) निघाला नाही, की हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येते. हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश फिरवायचा टाळणे हे म्हणूनच नेमके उलटे.

थर तसाच राहिला तर लाळेतील क्षारांनी त्याचे किटण होते. ते ब्रशने निघत नाही आणि खरबरीत असल्याने नवा थर धरून ठेवते. पुढे हिरडी दाताच्या मुळापासून सुटते. डॉक्टर मिलिमीटरच्या खुणांची बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच आत सरकवतात. दात आणि हिरडी यांमधली निरोगी फट १ ते ३ मिमी भरते. ४ मिमीपासून पुढे, तंतू सुटलेले असतील तर, तो कप्पा ठरतो, आणि तिथे ब्रश पोचत नाही. हाड मात्र जंतू थेट खात नाहीत. त्यांच्याशी लढताना शरीराचाच दाह ते विरघळवतो. दुखत नसल्याने माणूस येतो तो दात लांब दिसू लागल्यावर, दातांमध्ये फटी पडल्यावर किंवा ते हलू लागल्यावर.

प्रत्येक सूज इथवर जात नाही. श्रीलंकेतील चहामळ्यांत, दंतोपचार न मिळालेल्या ४८० मजुरांच्या १५ वर्षांच्या पाहणीत सुमारे ८ टक्क्यांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, ११ टक्के सुजेपाशीच थांबले. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि तंबाखू ही गती वाढवतात. धूम्रपानात रक्तस्राव कमी दिसतो, त्यामुळे फसगत होते. महाराष्ट्रात मिशरीने दात घासणाऱ्यांच्या हिरड्यांनाही तंबाखूच लागत असते.

उपचारात आधी किटण काढून मुळे साफ करतात, सहा-आठ आठवड्यांनी कप्पे पुन्हा मोजतात. खोल उरले तर हिरडी उघडून सफाई करतात. गेलेले हाड बहुतेक वेळा परत येत नाही. ‘क्लीनिंगने दात हलले’ ही तक्रार नेहमीची: हाड आधीच गेलेले असते, किटणाच्या जाड पट्ट्याने शेजारचे दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात.